कोड तोच, तरी बिल्ड तुटला: कंटेनर इमेज रोज भरवशाने बनत राहावी म्हणून

सोलापुरातली चार-पाच जणांची एक सॉफ्टवेअर टीम डोळ्यांसमोर आणा. ऑफिस जुळे सोलापुरात, गिऱ्हाईक चिंचोळी एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. त्याच्यासाठी ऑर्डर आणि डिस्पॅचचं अ‍ॅप्लिकेशन चालवायचं: मागे पायथन, पुढे रिअ‍ॅक्ट. कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या ऑनलाइन जागेवर) गेला की त्याची कंटेनर इमेज, म्हणजे कोड आणि तो चालायला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं, आपोआप बनते, शिवाय रोज रात्री एकदा बनते. या बनवण्यालाच बिल्ड म्हणतात. डेव्हऑप्सचा, म्हणजे बिल्ड आणि सर्व्हर सांभाळणारा, वेगळा माणूस नाही, ज्याला वेळ असेल तो बघतो. सगळं सुरळीत चाललेलं असतं आणि एका सकाळी बिल्ड लाल, म्हणजे फसलेला, दिसतो. रात्रीतून कोणी एक ओळही बदललेली नसते.

हा लेख अशा टीमसाठी आहे. मोठ्या कंपन्यांत या कामाला स्वतंत्र विभाग असतो. आपल्याकडे नसतो, म्हणून पद्धत जास्त नेटकी लागते.

बिल्डमध्ये आपला कोड असतो आणि बाहेरून येणारं बरंच काही असतं. कोड आपल्या ताब्यात आहे, बाकीचं नाही. बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट नावानिशी माहीत असावी, तिची आवृत्ती आपण ठरवावी, आणि ती बदलायची वेळ येईल तेव्हा आपण होऊन बदलावी. खालच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

पायरी १: बाहेरून काय येतं त्याची यादी करा

डॉकरफाइल (डॉकर या साधनाने इमेज कशी बनवायची त्याच्या सूचनांची फाइल) उघडून वाचली की यादी होईल असं वाटतं, पण अर्धी यादी सुटते. त्यापेक्षा एक सोपी चाचणी करा. डॉकर बिल्डला नेटवर्क 'नन' ठेवायचा पर्याय आहे. तो लावा, कॅशे (आधीच्या बिल्डचे साठवलेले भाग) बंद करा आणि बिल्ड चालवा. बेस इमेज, म्हणजे जिच्यावर आपली इमेज उभी राहते ती तयार इमेज, तरीही उतरेल, पण 'रन'च्या (कमांड चालवायच्या सूचनेच्या) ज्या पायरीला इंटरनेट लागतं ती तिथेच पडेल. ती लिहून घ्या, तात्पुरती बाजूला ठेवा, पुन्हा चालवा. एका दुपारचं काम आहे. एखाद्या पॅकेजची इन्स्टॉल स्क्रिप्ट गुपचूप तिसऱ्याच सर्व्हरवरून बायनरी आणते, हे बहुतेकांना याच चाचणीत पहिल्यांदा कळतं.

यादीत साधारण या गोष्टी येतील: बेस इमेज, एप्टची (डेबियन लिनक्सची) पॅकेजेस, पिपची (पायथनची) आणि एनपीएमची (जावास्क्रिप्टची) पॅकेजेस, कर्ल कमांडने नेटवरून आणलेल्या फाइली, पाइपलाइनमधल्या (बिल्डच्या आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांमधल्या) दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार अ‍ॅक्शन, रनरची (बिल्ड चालतो त्या यंत्राची) स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम, रजिस्ट्री (इमेज साठवायची जागा) आणि सर्टिफिकेटं. यातली प्रत्येक गोष्ट जगात कधी ना कधी तुटलेली आहे. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून 'लेफ्ट-पॅड' हे जेमतेम ११ ओळींचं पॅकेज काढून घेतलं गेलं आणि त्यावर आडून अवलंबून असलेले असंख्य प्रोजेक्ट बिल्ड होईनात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं जुनं रूट सर्टिफिकेट संपलं, आणि जुन्या ओपनएसएसएलच्या इमेजमधून एचटीटीपीएस जोडण्या नाकारल्या जाऊ लागल्या. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ या लिनक्सची मुदत संपली, त्याच्या मिरर यादीचा पत्ता बंद झाला, आणि त्यावर उभ्या इमेजमध्ये यम (तिथलं पॅकेज बसवायचं साधन) चालेनासं झालं. तिन्ही वेळा बिल्ड तुटलेल्या लोकांनी स्वतःचा कोड बदललेला नव्हता.

पायरी २: बेस इमेज डायजेस्टने बांधा

'लेटेस्ट' टॅग (इमेजच्या आवृत्तीला दिलेलं नाव) वापरू नये हे सगळ्यांना माहीत असतं. पण 'पायथन ३.१२-स्लिम' लिहिलं म्हणजे आवृत्ती पक्की झाली, असंही नाही. टॅग हा नुसता दर्शक असतो आणि रजिस्ट्रीत तो हलवता येतो. या टॅगमध्ये डेबियनची आवृत्ती लिहिलेली नाही. डेबियनची नवी स्थिर आवृत्ती येते तेव्हा असा टॅग कालांतराने तिच्यावर सरकवला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ 'ट्रिक्सी' आलं. अशा सरकण्यानंतर एप्टमधल्या काही पॅकेजची नावं आणि आवृत्त्या बदलतात, आणि तुमची 'एप्ट-गेट इन्स्टॉल'ची ओळ पडते.

म्हणून दोन गोष्टी करा. टॅगमध्ये डेबियनचं सांकेतिक नाव लिहा, म्हणजे 'पायथन ३.१२-स्लिम-बुकवर्म' असं. आणि त्यापुढे शा-२५६ डायजेस्ट, म्हणजे इमेजच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा, जोडा. दोन्ही दिले की डॉकर डायजेस्टच पाळतो, टॅग माणसाला वाचण्यापुरता उरतो. डायजेस्ट घेताना 'बिल्डएक्स इमेजटूल्स इन्स्पेक्ट' चालवा आणि सगळ्यात वर दिसणारा, म्हणजे सगळ्या आर्किटेक्चरना मिळून असलेल्या इंडेक्सचा डायजेस्ट घ्या. खालच्या यादीतला एएमडी६४चा घेतलात, तर एम-मालिकेच्या मॅकवर काम करणाऱ्या सहकाऱ्याला चुकीच्या आर्किटेक्चरची इमेज मिळेल.

आता माझं ठाम मत. डायजेस्ट बांधून विसरून जाणार असाल तर बांधू नका. बांधलेल्या इमेजला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत आणि वर्षभराने ती भोकांची चाळण होते. रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट लावा. नवा डायजेस्ट आला की ते पुल रिक्वेस्ट (कोड बदलाचा प्रस्ताव) उघडतात, त्यावर चाचण्या चालतात, आणि माणूस बघून मर्ज करतो. बदल तसाही होणारच असतो. फरक इतकाच की तो रात्री दोन वाजता अचानक न होता सोमवारी सकाळी तुमच्या नजरेसमोर होतो.

पायरी ३: पॅकेजेस, आणि एप्टचा सापळा

एनपीएमसाठी लॉकफाइल (प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी फाइल) कमिट करा आणि बिल्डमध्ये 'एनपीएम इन्स्टॉल'ऐवजी 'एनपीएम सीआय' वापरा. लॉकफाइल आणि पॅकेज-जेसन जुळत नसतील तर सीआय थांबतं, इन्स्टॉल लॉकफाइल बदलून पुढे जातं. पायथनसाठी यूव्ही, पोएट्री किंवा पिप-टूल्स, तुम्हाला रुचेल ते घ्या. मात्र लॉकमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश (मजकुराचा ठसा) असू द्या. पिपला 'रिक्वायर-हॅशेस' दिलं की यादीत नसलेलं किंवा बदललेलं काहीही आत येत नाही.

पायथनसाठी अल्पाइन (लहान आकाराची लिनक्स बेस इमेज) टाळा असा माझा सल्ला आहे. अल्पाइन मसल ही वेगळी सी लायब्ररी वापरतं. ज्या पॅकेजचं मसलसाठी तयार व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) नसतं ते पिप स्रोतापासून कंपाइल करायला घेतं. कंपायलर नसेल तर बिल्ड पडतो, असेल तर दोन मिनिटांचं काम वीस मिनिटं चालतं. काही एमबी वाचवण्यासाठी हा त्रास घेण्यात अर्थ नाही.

एप्टचं गणित वेगळं आहे. लॉकफाइलची सवय लागलेला माणूस इथेही प्रत्येक पॅकेजची अचूक आवृत्ती लिहायला जातो, आणि तिथेच फसतो. डेबियनच्या स्थिर रिपॉझिटरीत सुरक्षेची नवी आवृत्ती आली की जुनी थोड्याच काळात निघून जाते. म्हणजे तुम्ही लिहिलेली अचूक आवृत्ती एक दिवस मिळतच नाही. स्थिर राहावं म्हणून लिहिलेली ओळच बिल्ड तोडते. इथे दोन मार्ग खरे. पहिला म्हणजे बेस इमेज डायजेस्टने बांधा, एप्टच्या आवृत्त्या मोकळ्या सोडा. डेबियनच्या एकाच स्थिर आवृत्तीत होणारे बदल लहान असतात. छोट्या टीमला हे पुरतं. दुसरा मार्ग डेबियनच्या स्नॅपशॉट सेवेचा. तिथे विशिष्ट तारखेची रिपॉझिटरी जशीच्या तशी मिळते. इमेज हुबेहूब पुन्हा बनवता येणं ही करारातली अट असेल तरच त्या वाटेला जा.

'एप्ट-गेट अपडेट' आणि 'इन्स्टॉल' एकाच 'रन'मध्ये ठेवा. वेगवेगळ्या ओळींत ठेवलेत तर अपडेटचा थर (डॉकरफाइलच्या त्या ओळीतून बनलेला इमेजचा भाग) कॅशेतून जुनाच येतो, इन्स्टॉल त्या जुन्या यादीतली फाइल मागतं, आणि सर्व्हर ४०४ सांगतो.

कर्लने आणलेल्या फाइलींबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे बिल्ड तुटत नाही, खोटा हिरवा होतो. 'कर्ल'चं आउटपुट पाइपने थेट 'बॅश'कडे देणारी ओळ बघा. शेल फक्त शेवटच्या कमांडचा निकाल पाहतं. कर्लला काहीच मिळालं नाही तर बॅशला रिकामा इनपुट जातो, बॅश शून्य परत करतं, आणि काहीही इन्स्टॉल न होता थर तयार होतो. तसंच, 'फेल' पर्याय न दिलेलं कर्ल ४०४ चं एचटीएमएल पानसुद्धा फाइल म्हणून जपून ठेवतं. उपाय असा: पत्त्यात आवृत्ती लिहा, फाइल आधी उतरवा, शा-२५६ चेकसम तपासा, मगच चालवा. डॉकरफाइलच्या नव्या सिंटॅक्समध्ये 'अ‍ॅड'लाच चेकसम देता येतो. पाइप टाळणं अशक्यच असेल तर शेल बॅश ठेवून 'पाइपफेल' चालू करा.

पायरी ४: मर्यादा, आणि शेजाऱ्यासोबत वाटून घेतलेला आयपी

डॉकर हब या सार्वजनिक रजिस्ट्रीने नोव्हेंबर २०२० पासून इमेज उतरवण्यावर मर्यादा घातली. लॉगिन न करता एका आयपीवरून सहा तासांत १००, आणि मोफत खात्याने लॉगिन केलं तर २००. चार माणसांच्या टीमला १०० खूप वाटतात. पण लहान गावा-शहरांतल्या ब्रॉडबँडवर एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असणं नवं नाही. मग तुमच्या वाट्याचे १०० त्या सगळ्यांत मिळून १०० होतात. '४२९, टू मेनी रिक्वेस्ट्स' असा निरोप अधूनमधून येतो आणि दोन तासांनी आपोआप जातो, म्हणून लोक त्याला 'नेटचा प्रॉब्लेम' म्हणून सोडून देतात.

पाइपलाइनमध्ये इमेज उतरवण्याआधीही लॉगिन करा. पासवर्ड न देता फक्त वाचण्याचा अधिकार असलेलं टोकन द्या. त्यापुढची पायरी म्हणजे यादीतल्या पाच-सात बेस इमेज स्वतःच्या रजिस्ट्रीत आणून ठेवणं. 'स्कोपिओ' किंवा 'क्रेन'ने सगळी आर्किटेक्चर एकत्र नकलता येतात. बिल्ड तिथूनच चालवा.

ऑफिसमध्ये पुल-थ्रू कॅशे (एकदा उतरवलेली इमेज जवळ ठेवणारी मधली रजिस्ट्री, म्हणजेच मिरर) लावायची असेल तर एक खोच लक्षात ठेवा. डॉकर डीमनमधली (मागे चालू असणाऱ्या डॉकर सेवेतली) 'रजिस्ट्री मिरर्स' सेटिंग फक्त डॉकर हबला लागू होते. आणि बिल्डएक्सचा 'डॉकर-कंटेनर' ड्रायव्हर ती सेटिंग वाचतच नाही, त्याला बिल्डकिटच्या (डॉकरच्या बिल्ड इंजिनच्या) स्वतंत्र कॉन्फिग फाइलमध्ये मिरर सांगावा लागतो. मिरर लावूनही मर्यादा संपत असेल तर पहिली शंका इथे घ्या.

नेटवर्कच्या पायऱ्यांना दोन-तीन पुनर्प्रयत्न द्या, मधलं अंतर वाढवत. पण अख्ख्या बिल्डला पुनर्प्रयत्न लावू नका, आणि चाचण्यांना तर कधीच नाही. तिसऱ्या वेळी पास होणारी चाचणी काहीतरी सांगत असते.

पायरी ५: कॅशे वेगासाठी ठेवा, तिच्यावर विश्वास ठेवू नका

थरांचा क्रम नेहमीचाच ठेवायचा. क्वचित बदलणारं वर, रोज बदलणारं खाली. आधी लॉकफाइल कॉपी, मग इन्स्टॉल, मग बाकीचा कोड. 'डॉकरइग्नोर' फाइलमध्ये गिटचं फोल्डर, नोड-मॉड्यूल्स आणि एन्व्ह फाइली टाका, नाहीतर एखादी लॉग फाइल बदलली तरी कॅशे फुकट जाते.

कॅशे दुखणं लपवते, ही खरी अडचण आहे. एप्टचा थर तीन महिन्यांपूर्वीचा असेल तर बिल्ड रोज हिरवा दिसतो, आणि त्या तीन महिन्यांत आलेली एकही सुरक्षा दुरुस्ती इमेजमध्ये नसते. शिवाय एखादा पत्ता बंद पडला असेल तर ते कळतं कॅशे पुसली जाते त्या दिवशी, आणि तो दिवस हमखास गिऱ्हाइकाच्या मालाचा कंटेनर बंदराकडे निघण्याचा असतो. म्हणून आठवड्यातून एकदा कॅशे पूर्ण बंद करून, बेस इमेज नव्याने ओढून बिल्ड करा. रविवारी रात्री लावा, म्हणजे सोमवारी सकाळी शांतपणे बघता येतं. या लेखातली एकच गोष्ट आज करणार असाल तर ही करा.

पायरी ६: बिल्ड चालतो ते यंत्र

खर्च वाचवायला ऑफिसमधल्या जुन्या डेस्कटॉपवर रनर लावण्याची कल्पना मोहात पाडते. सोलापुरात तिचा हिशोब नीट करा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, आणि बंद खोलीतलं यंत्र गरम झालं की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. रात्री आठ मिनिटांत होणारा बिल्ड दुपारी टाइमआउटला लागतो. वीज गेली आणि बिल्ड अर्ध्यावर तुटला तर पुढचा बिल्ड अर्धवट फाइलींवर सुरू होतो. यूपीएस राउटरलाही हवा, नुसत्या यंत्राला देऊन भागत नाही.

मदरबोर्डची बॅटरी संपलेलं यंत्र वीज परत आल्यावर चुकीची तारीख घेऊन उठतं. मग सर्टिफिकेटं 'अजून लागू नाहीत' म्हणतात, एप्ट 'रिलीज फाइल अजून वैध नाही' म्हणतं, आणि माणूस नेटवर्क तपासत बसतो. अशा चुका दिसल्या तर पहिल्यांदा घड्याळ बघा.

डिस्क भरणं हे सगळ्यात सामान्य कारण. 'बिल्डर प्रून' रोज चालवा, ठरावीक तासांपेक्षा जुनं तेवढंच काढायला सांगा, म्हणजे कालची कॅशे शाबूत राहते.

माझ्या मते बिल्ड भाड्याच्या रनरवर चालवावा आणि ऑफिसच्या यंत्रावर फक्त कॅशे ठेवावी. सार्वजनिक रिपॉझिटरीला तर स्वतःचा रनर जोडूच नका. अनोळखी माणसाच्या पुल रिक्वेस्टमधला कोड तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये चालू शकतो.

गिटहबच्या रनरवर असाल तर 'उबुंटू-लेटेस्ट'ऐवजी 'उबुंटू-२४.०४' लिहा. जॉबचा टाइमआउट मुळात ३६० मिनिटांचा असतो, तो ३० वर आणा. अडकलेला बिल्ड सहा तास मिनिटं खात बसणार नाही. वेळापत्रक मुळात यूटीसीमध्ये धरलं जातं: आपल्या रात्रीचे २ वाजून ३७ मिनिटं म्हणजे तिथले आदल्या दिवशीचे २१ वाजून ७ मिनिटं. ठोक्याची वेळ टाळा, तेव्हा गर्दी असते आणि बिल्ड उशिरा सुटतो. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल नसेल तर वेळापत्रक आपोआप बंद होतं, हेही ध्यानात असू द्या.

पायरी ७: पाइपलाइनमधल्या दुसऱ्यांच्या अ‍ॅक्शन

मार्च २०२५ मध्ये 'टीजे-अ‍ॅक्शन्स'ची 'चेंज्ड-फाइल्स' ही लोकप्रिय अ‍ॅक्शन हल्लेखोरांच्या हाती गेली. त्यांनी जुने टॅग दुर्भावी कमिटकडे वळवले आणि बिल्डच्या लॉगमध्ये गुपितं (पासवर्ड, टोकन) छापली जाऊ लागली. २३,००० हून जास्त रिपॉझिटरी ती वापरत होत्या. टॅगऐवजी पूर्ण कमिट हॅश लिहिलेल्यांना त्या वळवलेल्या टॅगची झळ लागली नाही. तेव्हा प्रत्येक अ‍ॅक्शन कमिट हॅशने बांधा आणि शेजारी टिप्पणीत आवृत्ती लिहा. रेनोव्हेट हेही अद्ययावत ठेवतं.

गुपितं 'आर्ग'मधून देऊ नका, 'डॉकर हिस्टरी'त ती उघडी दिसतात. बिल्डकिटचं सीक्रेट माउंट वापरा.

पायरी ८: इमेज बनली म्हणजे चालते असं नाही

रजिस्ट्रीत ढकलण्याआधी इमेज चालवून बघा. कंटेनर उभा करा, हेल्थचा पत्ता मागा, डेटाबेसचं एक मायग्रेशन (रचनेतला बदल) रिकाम्या पोस्टग्रेसवर चालवा. एका मिनिटाचं काम. एक लायब्ररी राहून गेली, फाँट नाहीत म्हणून चलनाची पीडीएफ कोरी येते, असले प्रकार इथेच सापडतात.

मग टॅग कमिट हॅशचा द्या. चाचणीत पास झालेली तीच इमेज, त्याच डायजेस्टने, प्रॉडक्शनला (गिऱ्हाईक वापरतं त्या सर्व्हरवर) न्या. प्रॉडक्शनसाठी पुन्हा बिल्ड करणं म्हणजे न तपासलेली वेगळी इमेज पाठवणं. रजिस्ट्रीत टॅग न बदलण्याची सोय असेल तर चालू करा. एकाच शाखेवर दोन बिल्ड एकाच वेळी धावू देऊ नका, नाहीतर जुना कोड शेवटी पोहोचून नव्यावर बसतो.

मॅकवर बनवलेली इमेज सर्व्हरवर 'एक्झेक फॉरमॅट एरर' देते तेव्हा आर्किटेक्चर चुकलेलं असतं. प्लॅटफॉर्म स्पष्ट लिहा.

रजिस्ट्रीची साफसफाई लावताना जपा. अनेक आर्किटेक्चरच्या इमेजमध्ये प्रत्येक आर्किटेक्चरचा भाग टॅगविना पडलेला दिसतो. 'टॅग नसलेलं सगळं काढा' असा नियम लावला की टॅग जागेवर राहतो आणि आतली इमेज जाते. हे कळतं तेव्हा सर्व्हर रीस्टार्ट होत असतो.

पायरी ९: न झालेला बिल्डही कळला पाहिजे

फेल झालेल्या बिल्डचा निरोप सगळे लावतात. पण रनर बंद आहे, वेळापत्रक थांबलंय, टोकन संपलं म्हणून जॉब सुरूच झाला नाही, अशा वेळी निरोप पाठवायलाच कोणी नसतं. म्हणून उलटं करा. बिल्ड यशस्वी झाला की शेवटच्या पायरीत बाहेरच्या एका पत्त्यावर हजेरी लागू द्या, आणि २६ तासांत हजेरी आली नाही तर त्या सेवेने तुम्हाला कळवावं. हेल्थचेक्सडॉटआयओसारख्या सेवा हेच करतात.

निरोप सगळ्यांच्या ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. आठवड्याचा एक माणूस ठरवा आणि निरोप त्याच्या फोनवर जाऊ द्या. प्रॉडक्शनमधली इमेज किती दिवसांची आहे हा आकडाही त्याला रोज दिसू द्या.

पायरी १०: तुटला, आता काय

आधी एक खात्री करा की प्रॉडक्शनला धक्का नाही. जुनी इमेज रजिस्ट्रीत आहे, ती चालत राहील. घाईने डॉकरफाइलमध्ये हात घालू नका.

शेवटचा हिरवा कमिट घ्या. त्यात काहीही न बदलता, कॅशे बंद करून पुन्हा बिल्ड करा. तोही तुटला तर बाहेरचं जग बदललंय: यादी काढा आणि बेस, पॅकेज, सर्व्हर, सर्टिफिकेट या क्रमाने बघा. तो पास झाला तर कारण तुमच्या नंतरच्या कमिटमध्ये आहे, आणि गिट बायसेक्ट (कमिटची यादी निम्मी-निम्मी करत दोषी कमिट शोधणारी कमांड) ते शोधून देईल. या एका प्रश्नाने निम्मा शोध संपतो. लॉग वाचताना डॉकरचा प्रगती दाखवायचा पर्याय 'प्लेन' ठेवा, आणि शेवटची ओळ न वाचता पहिली चूक शोधा. खालच्या बहुतेक चुका तिच्यातून निघालेल्या असतात.

कारण सापडलं की रिपॉझिटरीतच एक साधी फाइल ठेवून तीन ओळी लिहा: काय दिसलं, कशामुळे, काय केलं. चुकीचा निरोप जसाच्या तसा चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी शोधताना तो सापडेल. टीममधला पुढचा माणूस वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजमधून नुकता बाहेर पडलेला असेल आणि त्या आठवड्याची पाळी त्याची असेल, तर त्याला रात्री तुम्हाला फोन न करता निदान पहिला अर्धा तास स्वतः शोधता येईल.